मुक्कामी ड्युटी आणि पळण्याची सवय : एका कंडक्टरचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ३९. एसटीत वाहक, नोकरीला चौदा वर्षं झालेली. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. राहायला साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला. घरी आई, बायको आणि दोन शाळकरी मुलं. तक्रार एवढीच, की पळायला लागल्यापासून दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, डावी जास्त. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. यापुढे त्यांना कंडक्टर म्हणते. स्टँडवरही सगळे तेच म्हणतात.

माझ्या, म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या, वहीत हे प्रकरण चार ओळींत मावलं असतं. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर ताण, काही दिवस पळणं बंद, पोटरीचे व्यायाम, बूट बदला, तीन आठवड्यांनी दाखवा. ते लिहिण्याआधी विचारलं, "याआधी कधी पळत होता?" तेव्हा कळलं की दोन वर्षांत पळणं धरून सोडण्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांना नडगी दुखलीच नव्हती, तरी पळणं सुटलं होतं. एकदा गणपतीच्या जादा गाड्यांत, एकदा असंच, हळूहळू. म्हणजे नडगी बरी करून घरी पाठवलं असतं तरी चौथी खेप ठरलेलीच होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

पळण्याचं कारण आणि पळण्याची रीत

वार्षिक तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, ६.५ पासून मधुमेह. वडिलांना मधुमेह होता आणि शेवटी पायाचं बोट काढावं लागलं होतं, त्यामुळे आकडा बघून त्यांनी धसका घेतला. डॉक्टरांनी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. ते त्यांना पटलं नाही. "मॅडम, दिवसभर गाडीत पुढनं मागं चालतोयच की. आणि वेगळं काय चालायचं?" दिवसभर गर्दीतून तिकिटं फाडत फिरणाऱ्या माणसाला चालणं हा व्यायाम वाटणार नाही, हे समजण्यासारखं आहे. म्हणून त्यांनी पळायचं ठरवलं.

पळायचं कसं, हे त्यांनी पुतण्याकडून घेतलं. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. आपल्या जिल्ह्यात पळणं म्हणजे भरती. पहाटे कुठल्याही गावाच्या रस्त्याला जा, पोरं १६०० मीटर मारताना दिसतील. मिलिटरी अपशिंगेसारखं घरोघरी सैनिक असलेलं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे असणारच. दुसरं चित्र ललिता बाबरचं. माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिसरं चित्र २०१२ पासून होणाऱ्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं, यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर. तिन्ही चित्रं मोठी आहेत, पण तिन्हींत चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, दमत दमत हळू पळणारा माणूस कुठेच नाही. असं पळणंही पळणंच असतं, हे कंडक्टरांना कोणी दाखवलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते पुतण्याच्या मागे जीव खाऊन धावत. चारशे मीटरमध्ये धाप, मग कमरेवर हात, मग पुन्हा तसंच. बूटही पुतण्याचेच, जुने, एक नंबर मोठे.

तपासणीत काय दिसलं

डाव्या नडगीच्या खालच्या भागात, आतल्या कडेला, साधारण वीतभर दाबल्यावर दुखत होतं. हे ताणाचं लक्षण. एकाच बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखलं असतं, रात्री झोपेत ठणकलं असतं किंवा त्या पायावर उडी मारता आली नसती, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेऊन आधी फोटो काढायला पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उजव्या पायावर नऊ, डाव्यावर सात, त्यापुढे पाय थरथरायला लागला. या वयाच्या माणसाला वीसच्या आसपास यायला हव्यात. गंमत अशी, की पोटऱ्या दिसायला दणकट होत्या. हलत्या गाडीत तोल सांभाळून दिवसभर उभं राहिल्याने पोटरी सतत आखडलेली राहते, पण लांबत-आखडत जोर लावण्याचा सराव तिला होत नाही. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पायावर येतो. पोटरीने उचलला नाही तर तो नडगीच्या हाडाला सोसावा लागतो.

रक्तदाब १३४/८६ होता. वय, वजन, साखर आणि हा रक्तदाब एकत्र धरून त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, ईसीजी काढून घेतला, त्यांची परवानगी आली तेव्हाच पुढचं बोललो. हा टप्पा लोकांना नको वाटतो. छातीत दडपण, पळताना चक्कर, एकदम काळोखी यांतलं काही असेल तर तो मुळीच टाळू नये.

दमलोय म्हणजे नक्की काय

खरा गुंता इथे होता. आधीच्या दोन खेपांना पळणं का सुटलं असं विचारलं की उत्तर एकच : "दमायला होतंय मॅडम. वेळ बी नसतो." कोणीही हेच सांगतं, आणि ऐकणारा म्हणतो, जिद्द ठेवा, मनावर घ्या. मला या सल्ल्याचा राग आहे. चौदा वर्षं पहाटेची पहिली गाडी न चुकवणाऱ्या माणसाला जिद्द शिकवण्याची गरज नसते.

त्यांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, लिहायची सवय असलेला माणूस, वही चोख आली. ड्युटी कोणती, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, चहा किती, आणि "दमलो" वाटलं तर ते कुठे वाटलं : डोळ्यांत, पायांत की डोक्यात.

त्यातून तीन वेगळे थकवे निघाले. मुक्कामाच्या ड्युटीनंतरचा थकवा झोपेचा होता. संध्याकाळी गाडी घेऊन डोंगराकडच्या गावात जायचं, नऊ-साडेनऊला पोचायचं, हिशेब जुळवून डबा खाऊन पाठ टेकायला अकरा, आणि पहाटे पावणेपाचला उठून पहिली फेरी. त्या पावणेसहा तासांत झोप पाच-सव्वापाच तासच, तीही अनोळखी जागेत, कधी गाडीतच. या दिवशी डोळे दमलेले असत. लांब पल्ल्याच्या दिवसानंतरचा थकवा पायांचा होता : पाय जड, पोटऱ्या ओढलेल्या, पण झोप बरी झालेली. तिसरा थकवा सकाळच्या लोकल फेऱ्यांच्या दिवसांचा. सुट्ट्या पैशांवरून वाद, पासवरून वाद, दाराला लोंबकळणारी कॉलेजची पोरं. त्या दिवशी शरीर ठीक असे, डोकं भणाणलेलं असे.

तिघांवर उपाय एक नाही. डोकं भणाणलेलं असेल तर पळण्याने ते उतरतं, तिथे थांबण्याचं काही कारण नाही. पाय जड असतील तर दहा मिनिटं चालून बघायचं. तेवढ्यात बहुतेक वेळा ते मोकळे होतात, नाही झाले तर घरी जायचं. झोप पाच-सव्वापाच तास किंवा त्याहून कमी असेल तर पळायचंच नाही, फार तर चालायचं. अपुऱ्या झोपेवर तोच वेग जास्त कठीण वाटतो आणि पाऊल चुकीचं पडण्याची शक्यता वाढते. कंडक्टर आजवर नेमकं उलट करत होते. मुक्कामावरून आलेल्या दिवशी "काल बुडालं" म्हणून दुप्पट पळत, आणि डोकं तापलेल्या दिवशी "आज मूड नाही" म्हणून घरी जात.

थकलेल्या माणसाने व्यायाम केला तर थकवा वाढतो, हे सगळ्यांना उघड वाटतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग वेगळं सांगतो. व्यायाम न करणाऱ्या आणि सतत थकवा जाणवणाऱ्या ३६ तरुणांपैकी काहींना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं सायकल चालवायला दिली. हलका व्यायाम करणाऱ्यांचा थकवा मध्यम जोराने करणाऱ्यांपेक्षाही जास्त उतरला. माणसं थोडी, तरुण, आणि सायकल जागेवरची. कंडक्टरांना तो निष्कर्ष तसाच लावण्यात अर्थ नाही. पण दमलेल्या माणसाने जोर कमी ठेवावा ही दिशा माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळते. त्यांना हा प्रयोग सांगितला तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हणजे हळू पळालं तर चालतंय?" वाक्य छोटं होतं, पण त्या दिवशी खोलीतून बाहेर पडताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, ती चहाची. दिवसाला आठ कप, दर कपात दोन चमचे साखर. सोळा चमचे म्हणजे साठ ग्रॅमच्या पुढे. साखरेच्या भीतीने पळायला निघालेला माणूस. मी काही बोलले नाही, आकडा वहीत लिहून पुढे सरकवला.

हळू म्हणजे किती हळू

हळू पळा म्हटलं की माणूस दोन मिनिटं हळू पळतो आणि मागून कोणी आलं की सुटतो. नेहमीचा नियम असा, की पळताना बोलता आलं पाहिजे. कंडक्टर एकटेच पळणार, बोलणार कोणाशी? म्हणून त्यांच्याच तोंडची चाचणी घेतली : पळता पळता कराड गाडीचे थांबे म्हणायचे. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, कराड. सहाही एका दमात आरामात आले तर वेग बरोबर. अतीतलाच श्वास घ्यावा लागला तर चाला. पहिल्या दिवशी ते नागठाण्यापर्यंतच पोचले आणि स्वतःच हसले. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. बुटांचे पैसे आधी घाला, असं मी सांगितलं.

योजना अशी होती. दहा दिवस पळणं पूर्ण बंद, फक्त टाचा उचलण्याचा व्यायाम, आणि तोही मुक्कामी गाडीच्या पायरीवर : दांडी धरायची, चवडे पायरीवर, टाचा हवेत, सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. पंधराचे तीन फेरे. मुक्कामाच्या गावात रात्री पळायला मी साफ नाही म्हटलं. अंधार, कुत्री, आणि त्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. त्यामुळे मुक्कामाचा दिवस हा पायरीचा दिवस ठरला, आणि "आज बुडालं" ही भावनाच गेली. दहा दिवसांनंतर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे. एकूण चोवीस मिनिटं. लागोपाठ दोन दिवस नाही, कारण हाडाला सावरायला मधला दिवस लागतो.

घड्याळाला नाही, रोकडीला

आता वेळेचं. त्यांच्या आतापर्यंतच्या तिन्ही खेपा पहाटे पाचच्या गजरावर उभ्या होत्या. ज्याची ड्युटी आज पहाटेची, उद्या दुपारची, परवा मुक्कामाची, त्याला "रोज ठरलेल्या वेळी पळा" हा सल्ला कसा लागू पडेल? ठरलेली वेळच नाही. आठवड्याचा हिशेबही जमेना, कारण साप्ताहिक सुट्टी असली तरी तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या ड्युट्या बदलत. म्हणून सोमवार ते रविवार सोडून आम्ही "सुट्टी ते सुट्टी" हे माप धरलं. एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत तीन वेळा पळायचं, दोनदा जमलं तरी पूर्ण धरायचं.

आणि पळायचं कधी? यावर मी काही सुचवण्याआधी त्यांनीच सांगितलं. ड्युटी कुठलीही असो, एक गोष्ट रोज होतेच : आगारात येऊन मशीन आणि रोकड जमा करणं. "कॅश भरली की सुटलो, मॅडम." ते ऐकून मी म्हटलं, मग तिथेच बांधू. कॅश भरली की बूट बदलायचे. साताऱ्यात हे सोपं आहे, कारण शाहू स्टेडियम स्टँडच्या शेजारीच आहे. बूट पिशवीत आगारातच ठेवले, राजपथावरच्या दुकानातून मापाचे, नवे.

सवयीवरचा एक अभ्यास इथे नेमका उपयोगी पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर, एक नवी कृती जोडायला सांगितली आणि बारा आठवडे नोंदी घेतल्या. २००९ मध्ये निकाल आले. कृती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. व्यायामाच्या सवयी खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा उशिरा बसल्या. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. "२१ दिवसांत सवय लागते" हे जे सगळीकडे फिरतं, त्याचं मूळ १९६० च्या सुमाराच्या एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. नवा चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडायला निदान तीनेक आठवडे लागतात, असं त्याने लिहिलं होतं. त्याचा पळण्याशी काहीही संबंध नाही. कंडक्टर मात्र दोन्ही वेळा एकविसाव्या दिवसाची वाट बघून निराश झाले होते. तेवीस दिवस झाले, तरी अजून कंटाळा येतोय, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट, असा त्यांचा निष्कर्ष.

कॅशला सवय बांधण्याचा आणखी एक फायदा झाला, तो मला नंतर कळला. कॅश भरल्यानंतर पूर्वी काय होत असे? स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा आणि गप्पा, पाऊण तास. पळणं बरोबर त्या जागी बसलं. घरी पोचायची वेळ तीच राहिली. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं तर म्हणाल्या, "पळायला वेळ द्या म्हणून कधी मागितलाच नाही त्यांनी. पहिल्यांदा पहाटे पळायचे ना, तेव्हा पाणी मीच भरायची, डबे मीच, पोरांचं मीच. आता मला काय फरक पडतो?" मला हे वाक्य सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सकाळी नळाला पाणी येण्याच्या तासात घरातला एक माणूस पळायला गेला, तर तो तास दुसरं कोणीतरी भरून काढत असतं. ते माणूस बोलत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात घरात आदळआपट सुरू होते, आणि मग "घरच्यांची साथ नाही" म्हणून पळणं सुटतं. वेळ "काढला" म्हणताना तो कोणाच्या वाट्यातून काढला, हे बघितलं पाहिजे. इथे तो टपरीच्या वाट्यातून निघाला.

टपरीने अर्थात सूड घेतला. "काय राव, भरतीला उतरताय काय?" "वय निघून गेलं की तुमचं!" हे महिनाभर चाललं. एक ड्रायव्हर उत्साहाने दोनदा आले, तिसऱ्यांदा गुडघा दुखतो म्हणाले, आणि पुन्हा टपरीवर जाऊन बसले. कंडक्टरांनी मधला मार्ग काढला : पळून झाल्यावर टपरीवर जायचं, पण चहा एकच, आणि साखर अर्धी. आठचे चहा पाचवर आले ते असे. मी सांगून आले नसते.

यवतेश्वर

दीड महिना नीट गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी पुतण्या आणि त्याचे मित्र त्यांना बोगद्यापासून यवतेश्वरच्या घाटात घेऊन गेले. चढ बहुतेक चालतच चढले, त्याने काही झालं नाही. उतारावर पोरं सुटली आणि हेही सुटले. उतारावर प्रत्येक पावलाला मांडी आणि पोटरी ताणली जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतात, आणि सपाटीपेक्षा आपटणं जास्त. दुसऱ्या दिवशी डावी नडगी पुन्हा दुखायला लागली, मांड्या इतक्या धरल्या की गाडीची पायरी उतरता येईना.

ते आले तेव्हा त्यांना वाटत होतं, झालं, आता सोडायलाच हवं. आधीच्या खेपांना अशाच जागी सुटलं होतं. आम्ही एवढंच केलं : आठ दिवस फक्त पायरीचा व्यायाम आणि कॅश भरल्यावर स्टेडियमला चालत दोन फेऱ्या. कॅश, बूट, स्टेडियम ही साखळी तुटू द्यायची नाही, पळणं नाही झालं तरी चालेल. घाटाला बंदी घातली नाही. चढायला पळा, उतरायला चाला, आणि महिन्यातून एकदाच, एवढं ठरलं. साताऱ्यात राहून माणसाला यवतेश्वरला जाऊ नको म्हणणं मला पटत नाही, आणि ते ऐकलंही जात नाही.

मे महिन्यात दुपारच्या कॅशनंतर ऊन सोसेना, तेव्हा दुपारी सुटणाऱ्या दिवशी पळणं काढून टाकलं आणि पायरीचा व्यायाम ठेवला. पावसाळ्यात बूट ओले, मैदानात चिखल. स्टेडियमच्या कडेने आणि सदर बाजारच्या रस्त्यांनी पळत. हे त्यांनी स्वतःच सांभाळलं, मी बोलले नाही.

आषाढीचे बारा दिवस

आषाढीच्या जादा गाड्यांसाठी त्यांची ड्युटी पंढरपूरला लागली. बारा दिवस घर नाही, झोपेचा ठिकाणा नाही, कॅश भरण्याची जागाही वेगळी. जाण्याआधी आम्ही लिहूनच ठेवलं होतं : या काळात पळायचं नाही. जमेल त्या दिवशी गाडीच्या पायरीवर टाचा, बाकी माउलींवर सोडा. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी जाण्याआधी जेवढं पळत होता त्याच्या निम्मंच पळायचं, कितीही हुरूप आला तरी.

खंड पडणार हे आधीच माहीत असेल तर तो खंड योजनेतच लिहावा, हे मी आता सगळ्यांना सांगते. जादा गाड्या, यात्रा, मार्च अखेर, मुलांच्या परीक्षा, घरातलं लग्न, यांच्या तारखा आधी कळतात. अचानक येतात त्या फक्त आजारपणं आणि मरणं. तरीही आपण दरवेळी गणपती अचानक आल्यासारखं वागतो. कंडक्टरांची पहिली खेप गणपतीतच बुडाली होती. या वेळी बारा दिवसांनी ते परत आले, निम्मं पळाले, आणि चौथ्या दिवशी पूर्ववत झाले.

आठ महिन्यांनंतर

एचबीए१सी ६.१ वरून ५.८. वजन ८० किलो. रक्तदाब १२६/८२. एका पायावर टाचा उजवीकडे बावीस, डावीकडे एकोणीस. नडगी दुखत नाही. यातलं किती पळण्याने झालं आणि किती चहाच्या साखरेने, ते वेगळं काढता येत नाही आणि काढण्याची गरजही नाही. पळणं आता सलग पंचवीस मिनिटं, थांबे कराडपर्यंत म्हणून होतात. सुट्टी ते सुट्टी सरासरी तीनदा, कधी एकदा, कधी चारदा.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप मध्यम व्यायामासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, जोराच्या व्यायामासाठी ७५ ते १५० मिनिटं. तीनदा पंचवीस म्हणजे ७५, खालची कड जेमतेम गाठली. आता दिवसभर गाडीत चालता त्यातलं थोडं भरभर चाला, घरून आगाराला चालत या, असं सुचवलं आहे. चालणं त्यांना अजूनही व्यायाम वाटत नाही. हा वाद मी जिंकलेला नाही.

पुतण्याने हिल मॅरेथॉनचा फॉर्म भरायचा आग्रह धरला होता. कंडक्टरांनी मला विचारलं, मी म्हटलं एक वर्ष थांबा. त्यांनी त्या रविवारी ड्युटी घेतली.

गेल्या महिन्यात त्यांना मुंबईची रात्रीची गाडी लागली आहे. रात्री निघायचं, पहाटे पोचायचं, दिवसा तिथे झोपायचं, रात्री परत. कॅश भरतात ती आता सकाळी, डोळ्यांत झोप असताना. कॅश आणि बूट ही जोडी तिथे मोडली, कारण झोपेचा नियम आड येतो. सध्या नवी जागा शोधतो आहोत : घरी येऊन झोपून उठल्यावर, दुपारी चारला, मुलं शाळेतून येण्याच्या आधी. त्या वेळी आगार जवळ नाही, स्टेडियम लांब, बूट आता घरी आणावे लागले. पहिल्या सुट्टी ते सुट्टीत एकदा जमलं, दुसऱ्या वेळी दोनदा. पायरीचा व्यायाम मुंबईच्या डेपोत चालू आहे, आणि तिथला एक वाहक तो बघून स्वतःची डावी टाच दाखवायला माझ्याकडे येणार आहे.